घड्याळ एका रात्रीत पुढे पळायला लागलं? दुरुस्त करूनही परत पळतंय? आधी चुंबक तपासा

काल रात्रीपर्यंत बरोबर चालणारं घड्याळ आज पाच-सात मिनिटं पुढे. दुकानात नेऊन आणलं, आठवडाभर नीट चाललं, परत पहिल्यासारखं पळायला लागलं. सांगलीत आम्हा घड्याळवेड्यांच्या कानावर ही तक्रार इतक्या वेळा येते की समोरच्यानं वाक्य पुरं करायच्या आत पुढचं आम्हीच सांगतो. कुणाचं एचएमटी जनता असतं, कुणाचं कोहिनूर, कुणाचं सीको फाइव्ह. घड्याळ बदलतं, रडगाणं तेच.

माझं मत सरळ आहे. असं घड्याळ लगेच उघडायला देऊ नका. त्याला चुंबक लागलंय का ते आधी बघा, आणि लागलं असेल तर कुठून लागलं ते शोधा. पहिलं काम पाच मिनिटांचं आहे. दुसरं चिकाटीचं आहे, ते कुणी करत नाही, आणि म्हणूनच तेच घड्याळ त्याच दुकानात परत परत जातं.

हे सगळं चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांबद्दल आहे. सेलवाल्यांचं शेवटी बघू.

आधी बिघाड कशाला म्हणायचं ते ठरवू. सीको फाइव्हमध्ये वर्षानुवर्षं आलेलं ७एस२६ मशीन घ्या. दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी सूट कंपनीनंच धरलेली आहे. महागड्या स्विस घड्याळांना क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं, प्रमाणपत्र मिळतं त्यांनासुद्धा सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मोकळीक असते. त्यामुळे वडिलांच्या काळातलं जनता दिवसाला मिनिटभर इकडेतिकडे करत असेल तर मी त्याला हात लावायला सांगणार नाही. सकाळी चावी देताना टाइम लावला की झालं. पण कालपर्यंत मिनिटभराचा फरक होता आणि आज एकदम सात मिनिटं, असं असेल तर पुढे वाचा.

फरक मोजताना घाई नको. सकाळी पूर्ण चावी द्या, मोबाइलच्या घड्याळाशी मिळवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. मध्ये चावी उतरू देऊ नका. "अंदाजे पुढे जातंय" यावरून काहीच कळत नाही. आणखी एक गोष्ट आठवा: हा फरक एकदम आला की महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेला? हळूहळू वाढलेला फरक बहुतेक वेळा वाळलेल्या तेलाचा असतो. एका रात्रीत आलेला फरक चुंबकाचा किंवा आपटल्याचा.

आत नेमकं काय होतं तेही सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. घड्याळाचा वेग बॅलन्स व्हील आणि त्यावरची हेअरस्प्रिंग ठरवतात. ही स्प्रिंग गोल गोल वेटोळ्यांची असते आणि दर ठोक्याला उघडते-मिटते. एचएमटीच्या नेहमीच्या चावीच्या मशीनमध्ये तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. सीकोच्या ७एस२६मध्ये २१,६००, म्हणजे सहा. वेटोळी एकमेकांना न शिवता मोकळी हलली तरच हा हिशोब जमतो. स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलं की ओल्या केसांच्या बटा चिकटाव्यात तशी वेटोळी एकमेकांना धरतात. चिकटलेला भाग कामातून गेला म्हणजे स्प्रिंग तेवढी आखूड झाली, आणि आखूड स्प्रिंग जास्त ताठ असते. ताठ स्प्रिंगवर चाक भरभर हलतं. स्प्रिंगची कामाची लांबी शेकडा एक टक्क्यानं घटली तर घड्याळ दिवसाला साधारण सात मिनिटं पुढे जातं. एक टक्का! डोळ्याला दिसणारसुद्धा नाही.

मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा "उन्हानं पळतंय" असं सांगणारे हटकून भेटतात. उन्हाचा त्यात फारसा वाटा नसतो. उष्णतेनं स्प्रिंगचा ताठरपणा बदलू नये म्हणूनच ती खास लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची करतात. या मिश्रधातूंवरच्या कामासाठी शार्ल गियोम यांना १९२० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत अशी की उन्हाला दाद न देणाऱ्या या धातूत लोखंड आणि निकेल दोन्ही आहेत, आणि चुंबकाला ती आयती सापडतात. अलीकडच्या काही महागड्या घड्याळांत सिलिकॉनची स्प्रिंग असते, तिला चुंबक लागत नाही. आपल्या हातातल्या एचएमटीत अर्थातच ती नाही.

तपासायचं कसं?

शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं तसं साधं, सुईचं होकायंत्र घ्या. मोबाइलमधलं नको. मोबाइलच्या पोटात स्पीकरचं चुंबक असतं, आणि ज्याच्यावर संशय आहे त्यालाच पंच नेमण्यात अर्थ नाही. होकायंत्र लाकडी टेबलावर ठेवा, आजूबाजूला किल्ल्या, मोबाइल, स्टीलचा डबा असलं काही नको. सुई स्थिर झाली की घड्याळ बाजूनं हळूहळू जवळ न्या.

इथं बरेच जण फसतात. सुई जरा हलली की "लागलंय, लागलंय" म्हणून ओरडतात. घड्याळात पोलादाचे भाग असतातच, त्यामुळे चुंबक न लागलेलं घड्याळसुद्धा सुईला थोडं ओढतं. बघायचं ते दुसरंच आहे. घड्याळ सुईच्या एका टोकाजवळ धरून सावकाश गोल फिरवा. सुई कधी घड्याळाकडे ओढली जाते आणि कधी लांब ढकलली जाते असं झालं, तर चुंबक लागलंय. साधं पोलाद दोन्ही टोकांना फक्त ओढतं, ढकलत नाही.

याहून पक्की खूण म्हणजे सुईची थरथर. मागच्या हिवाळ्यात आमराईत बाकावर बसून आम्ही हे एका कोहिनूरवर बघितलं. घड्याळ पालथं घातलं, मागच्या झाकणावर बॅलन्स व्हील असतं त्या बाजूला होकायंत्र टेकवलं. सुई आधी भलतीकडेच वळली, मग थांबली, आणि थांबल्या जागी बारीक बारीक कापायला लागली. कानाशी धरल्यावर जी टिकटिक येत होती तिच्याच तालात. आतलं चाकच चुंबक होऊन डुलत असेल तर बाहेरची सुई त्याच्यामागे जाणारच. ते बघितल्यावर झाकण उघडायची गरजच उरली नाही.

मोबाइलवर टिकटिक ऐकून वेग सांगणारी ॲप्स मिळतात. फरक किती आहे ते त्यावर दोन मिनिटांत कळतं, कारण मात्र कळत नाही. ठोक्यांची रेघ विस्कटलेली दिसली तरी ती तेलानंही विस्कटते आणि चुंबकानंही.

चुंबक काढणं

काढणं अगदी सोपं. डिमॅग्नेटायझर म्हणून निळ्या प्लॅस्टिकची छोटी पेटी ऑनलाइन मिळते, वर लाल बटण असतं. फार महाग नाही. चार मित्रांत एक घेतली तरी पुरते. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे पेटीतल्या कॉइलच्या चुंबकाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. घड्याळ त्यात धरून हळूहळू लांब नेलं की ही उलटापालट त्याच्यावर कमी कमी होत जाते आणि स्प्रिंगमध्ये साठलेलं चुंबकत्व पुसलं जातं.

म्हणूनच सगळी करामत लांब नेण्यात आहे. बटण दाबा, घड्याळ पेटीवर धरा, बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर उचलत हातभर लांब न्या आणि मगच बटण सोडा. घड्याळ पेटीवर असताना बटण सोडलं तर वीज ज्या क्षणी तुटेल त्या क्षणाचं चुंबकत्व आत तसंच राहतं, कधी कधी आधीपेक्षा जास्त. "पेटीनं काही फरक पडला नाही उलट बिघडलं" असं सांगणाऱ्यांना मी पहिला प्रश्न बटणाचाच विचारतो. बटण फार वेळ दाबून ठेवू नका, कॉइल तापते. पाच-सात सेकंदांत काम होतं. स्टीलचा पट्टा असेल तर तो आधी काढा, नंतर वेगळा पेटीवरून फिरवा. मग परत होकायंत्र, परत चोवीस तासांचं माप. चुंबकच कारण असेल तर सात मिनिटांचा फरक तिथल्या तिथे नाहीसा होतो.

पेटी विकत घ्यायची नसेल तर घड्याळाच्या दुकानात बहुधा असते. मात्र तिथे गेल्यावर "पुढे जातंय" एवढंच सांगू नका. तेवढं ऐकून कामाच्या गर्दीत कारागीर झाकण उघडतो, रेग्युलेटरची, म्हणजे वेग कमी-जास्त करायची, दांडी उण्याच्या बाजूला सरकवतो आणि घड्याळ हातात देतो. दोन-चार दिवस वेळ बरोबरही दाखवतं. पण चिकटलेली वेटोळी आत तशीच असतात. एखाद्या हिसक्यानं ती सुटली, किंवा नंतर कुणी चुंबक काढलं, की तेच घड्याळ मिनिटांनी मागे पडायला लागतं, कारण दांडी आता भलत्या जागी आहे. मग दुसरं दुकान, दुसरी दांडी. "चुंबक काढून द्या, रेग्युलेटरला हात लावू नका," असं स्पष्ट सांगा. कुणाला राग येत नाही.

एचएमटीवाल्यांनी तर हे सांगायलाच हवं. बंगळुरूचा कारखाना जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ साली सुरू झाला, आणि एचएमटी वॉचेस बंद करायला सरकारनं जानेवारी २०१६मध्ये मंजुरी दिली. आता हेअरस्प्रिंग लागली तर ती दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढलेली असणार. नको तिथे चिमटा लावून एक चांगली स्प्रिंग वाकवून घेण्यात काय अर्थ आहे?

परत का लागतं?

आता खरा मुद्दा. पेटीवर धरून काढलेलं चुंबक परत लागतं ते घड्याळाच्या दोषामुळे नाही, आपल्या घरामुळे किंवा कामामुळे.

तासगावकडचे एक निवृत्त सर आहेत. त्यांचं एचएमटी दुकानात जायचं, बरं होऊन यायचं, आठवड्यात परत पळायचं. दुकानदारही वैतागला होता. आमच्यातल्या एकानं शेवटी विचारलं, "सर, रात्री घड्याळ कुठं काढून ठेवता?"

"उशाशी. टेबलावर."

"टेबलावर नेमकं कशावर?"

"कशावर म्हणजे? चष्म्याच्या घरावर. काचेला चरा पडू नये म्हणून."

चष्म्याचं घर नवं होतं, झाकण टप्पकन मिटणारं. टप्पकन मिटतं कारण कडेला चुंबक शिवलेलं असतं. रोज रात्री सात-आठ तास घड्याळ बरोबर त्याच्या डोक्यावर. जागा बदलली, तक्रार संपली.

म्हणून माझा पहिला प्रश्न हाच असतो: घड्याळ रात्री कुठं झोपतं? टॅबलेटच्या कव्हरवर, लॅपटॉपच्या झाकणावर, ब्लूटूथ स्पीकरवर, इअरबडच्या डबीशेजारी, की पर्सच्या बटणाला चिकटून? होकायंत्र हातात घेऊन रात्रीच्या जागेभोवती सावकाश एक फेरी मारा. सुई जिथे गरकन वळेल तिथे चोर. भेट म्हणून येणाऱ्या घड्याळाच्या देखण्या पेट्याही तपासा. त्यांच्या झाकणात बऱ्याचदा चुंबक असतं, म्हणजे जपून ठेवायची पेटीच वैरी.

आणि पट्टा! बारीक जाळीचा, कुठेही सरकवून चुंबकानं चिकटवायचा स्टीलचा पट्टा सध्या फार चालतो. स्मार्टवॉचला तो शोभतो. चावीच्या घड्याळाला तो लावणं म्हणजे चोवीस तास चुंबक मनगटाला बांधून फिरणं. नव्या पट्ट्यानंतर घड्याळ पळायला लागलं असेल तर पुढचं काही तपासू नका, पट्टा बदला. बीपी कमी होतं म्हणून विकत घेतलेल्या चुंबकाच्या कड्याचंही तेच. बीपीचं मी काही बोलत नाही, पण ते कडं आणि घड्याळ एकाच हातात नको.

अंतराचं गणित लक्षात ठेवलं तर भीतीही उरत नाही. छोट्या चुंबकापासून थोडं लांब गेलं की अंतर दुप्पट केल्यावर त्याचा जोर आठव्या हिश्श्यावर येतो. सीको चुंबकरोधक खूण असलेल्या आपल्या साध्या घड्याळांसाठी चुंबकाच्या वस्तूंपासून पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि खूण नसलेल्यांसाठी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायला सांगते. वीतभरसुद्धा अंतर नाही हे. म्हणजे मोबाइल खिशात आणि घड्याळ हातात असल्यानं काही होत नाही. मोबाइलवर घड्याळ ठेवून झोपल्यानं होतं.

याच हिशोबात डॉल्बीचं बघा. विसर्जनानंतर कुणाचं घड्याळ बिघडलं की खापर डॉल्बीवर फुटतं. स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याच्या घड्याळाला त्या चुंबकांचं काही होत नाही, कानांचं होतं ते होतं. पण ट्रॉलीवर पेट्या चढवणारी पोरं स्पीकरला मिठी मारूनच उचलतात, मनगट थेट मागच्या चुंबकाशी. त्यांनी घड्याळ काढून ठेवावं. कुपवाड एमआयडीसीत मोटर दुरुस्त करणारे, गाडीचं मॅग्नेट खोलणारे मेकॅनिक, धातूचा कण पकडायला चुंबक लावलेल्या गिरणीत काम करणारे, टाकीला चुंबकानं चिकटणारी बॅग लावून बुलेटवर फिरणारे, या सगळ्यांचं तसंच. कामाचं घड्याळ वेगळं ठेवा. डिजिटल कॅसिओ त्यासाठी उत्तम, काटेच नाहीत.

मिरजेला पेशंट घेऊन एमआरआयला जाणाऱ्यांचीही शंका असते. बाहेर बाकावर बसून घड्याळाला काही होत नाही. आतल्या खोलीत मात्र घड्याळ न्यायचंच नाही, तिथले लोक काढायला लावतातच. एमआरआयचं चुंबक सहसा दीड टेस्लाचं, म्हणजे १५,००० गाऊस (ही दोन्ही चुंबकाचा जोर मोजायची मापं). मागच्या झाकणावर "अँटीमॅग्नेटिक" कोरलेलं असलं तरी त्या शब्दावर विसंबू नका. घड्याळासाठीचं साधं प्रमाण मीटरला ४,८०० अँपिअर, म्हणजे ६० गाऊसच्या आसपास. दोन्ही आकड्यांत अडीचशे पटींचं अंतर आहे. खास चुंबकरोधक घड्याळं वेगळी असतात. रोलेक्सच्या मिलगाऊसचं नावच हजार गाऊसवरून आलेलं आहे.

चुंबक नसेल तर

होकायंत्र गप्प राहिलं, पेटीनंही फरक पडला नाही, तर मग झाकण उघडावं लागेल. घड्याळ आपटलं होतं का ते आठवा. हिसक्यानं स्प्रिंगचं एखादं वेटोळं रेग्युलेटरच्या पिनेत अडकतं आणि घड्याळ सुसाट सुटतं, मिनिटांनी नाही, कधी कधी तासानं. हे कारागिराला दोन मिनिटांत दिसतं आणि सुटतंही. दुसरं कारण स्प्रिंगवर आलेलं तेल. वेटोळी चिकटायला तेलाचा बारीक थेंबही पुरतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, डायल नव्यानं रंगवलेल्या चकचकीत एचएमटींमध्ये हे फार दिसतं, कारण आत सर्व्हिसिंगच्या नावाखाली वरून तेल सोडलेलं असतं. तिथे स्प्रिंग काढून धुण्यावाचून इलाज नाही, आणि ते काम जाणत्या हाताचं. तिसरं कारण क्वचित: नवी जोरदार मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर गुंडाळली जाते ती मोठी स्प्रिंग) बसवल्यावर बॅलन्स गरजेपेक्षा जास्त फिरून आतल्या आत ठोकर खातं. पूर्ण चावी दिल्यावर पहिले काही तासच घड्याळ पळतं आणि टिकटिक घोड्याच्या टापांसारखी येते, त्यावरून ओळखू येतं.

चुंबक फार जोरात लागलं तर घड्याळ पुढे न जाता मागे पडतं किंवा बंदच पडतं, म्हणून "माझं तर मागे पडतंय" म्हणणाऱ्यांनीही होकायंत्र धरून बघायला हरकत नाही. ते फुकटात होतं.

सेलच्या काट्यांच्या घड्याळांचं वेगळं आहे. त्यांचा वेग सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झ ठरवतो, त्याला चुंबकाचं काही वाटत नाही. पण काटे ढकलणारी मोटर चुंबकावरच चालते, त्यामुळे जवळ मोठं चुंबक आलं की काटे अडतात आणि घड्याळ मागे पडतं. चुंबक लांब केलं की आपोआप चालू होतं. फक्त टाइम परत लावायचा. रात्री मागे पडतं आणि दिवसभर हातात बरोबर चालतं, असं असेल तर सेल बदलायच्या आधी रात्रीची जागा बदलून बघा. सेलचं घड्याळ निळ्या पेटीवर मात्र धरू नका. त्या मोटरच्या आत कायमचं चुंबक मुद्दाम बसवलेलं असतं, ते दुबळं झालं तर आहे ते घड्याळही जाईल.